बघून केलेला गुडघा

मी रिटायर झाले त्या वर्षी शेजारच्या बाईंनी मला मूर्ती पुसायच्या कामाला लावलं. बाई इंग्रज, ऐंशीच्या घरातल्या, आयुष्यभर शाळेत लॅटिन शिकवलेल्या. केंब्रिजमधल्या एका छोट्या म्युझियममध्ये त्या आठवड्यातून एकदा व्हॉलंटियर म्हणून जात. पुढे त्यांना शिडीवर चढवेना. तेव्हा कुंपणापलीकडून मला म्हणाल्या, "तू अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचेच्या नळ्या हाताळल्या आहेस. तुझ्या हातून काही फुटायचं नाही."

मला मूर्तींमधलं काही कळत नव्हतं. पण घरात बसवतही नव्हतं. का, ते सांगतेच.

म्युझियम म्हणजे एक लांबच लांब हॉल, वर काचेचं छप्पर आणि खाली पुतळ्यांची दाटी. ग्रीक देव, रोमन सम्राट, कुस्तीगीर, जखमी सैनिक, घोड्यांची नुसती डोकी. सगळे पांढरे. पहिल्याच दिवशी मला कळलं की यातला एकही दगडाचा नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अथेन्सला आणि रोमला जाऊन मूळ मूर्तींवर साचे चढवले आणि त्यात प्लास्टर ओतून या केल्या. तेव्हाच्या विद्यार्थ्यांना तिकडे सहज जाता येत नसे, म्हणून मूर्तींनाच इकडे आणलं.

"म्हणजे सगळं खोटं?" मी क्युरेटरला विचारलं. ती चाळिशीची, उंच, बाह्या कायम कोपरापर्यंत सारलेल्या.

"साचा खरा आहे," ती म्हणाली. "नाकावरचा टवकासुद्धा खरा. फक्त दगड नाही."

काम सोपं होतं. दर मंगळवारी सकाळी मऊ केसांचा ब्रश घ्यायचा, डोक्यापासून सुरुवात करायची आणि खाली उतरायचं. पहिले काही मंगळवार मी खांद्यापर्यंत येऊन थांबायची आणि मग एकदम पायांवर जायची. मधला भाग तसाच. क्युरेटरच्या ते लक्षात आलं. एकदा शिडीखाली उभी राहून ती म्हणाली, "कमरेखालीही धूळ बसते." पुण्याला बहिणीला फोनवर मी एवढंच सांगितलं होतं की म्युझियममध्ये जरा मदत करते. काय मदत, ते सांगितलं नाही. नंतर सवय झाली. पुसता पुसता मी त्या देवांच्या पाठीवर एखाद्या भांड्यावर फिरवावा तसा ब्रश फिरवायला लागले आणि माझी मीच हसले.

हॉलच्या एका कोपऱ्यात एक मुलगी उभी आहे. तिच्या झग्याला लाल आणि निळा रंग दिलेला, केस पिंगट, ओठ लाल. तिच्या शेजारी तीच मुलगी पांढरी. क्युरेटरनं सांगितलं की मुळात या सगळ्या मूर्ती रंगवलेल्या होत्या. दोन-अडीच हजार वर्षांत रंग उडाले, आणि पांढऱ्या मूर्ती पाहूनच लोकांना वाटायला लागलं की ग्रीकांना पांढरंच आवडायचं. येणारे लोक रंगीत मुलीसमोर नाक मुरडायचे. फार भडक आहे म्हणायचे. मला मात्र त्या हॉलमध्ये तीच एक ओळखीची वाटली. आमच्या गावच्या मारुतीला शेंदूर लागायचा, त्याला कुणी भडक म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. शेंदूर पुसलेला मारुती बघितला तर गावाला वाटलं असतं, काहीतरी अघटित झालंय.

आता घरात का बसवत नव्हतं, ते सांगते.

माझे यजमान ऑर्थोपेडिक सर्जन. नागपूरला शिकले, लग्नानंतर वर्षभरात आम्ही इकडे आलो आणि मग तीस-बत्तीस वर्षं यांनी इंग्रजांची हाडं जोडली. गुडघे आणि खुबे ही यांची खासियत. दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाची चाल बघून, "याचा डावा खुबा गेलाय," असं माझ्या कानात सांगायची यांना खोड. रिटायर झाल्यावर तीन वर्षांत यांचे डोळे गेले.

डोळे गेले म्हटलेलं यांना चालायचं नाही. मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, झिजत गेला. कडेचं दिसायचं, मधलं दिसेनासं झालं. दारातून कुणी आत आलं हे कळायचं, पण कोण आलं ते कळायचं नाही. डोळ्यांच्या कन्सल्टंटनं सांगितलं, या प्रकाराला इंजेक्शनचा उपयोग नाही. हे खुर्चीतून उठले, त्याच्याशी हात मिळवला, आभार मानले आणि घरी येऊन गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. त्या दिवसानंतर त्या विषयावर बोलले नाहीत.

बाकीचंही बोलणं आटलं. सकाळी रेडिओ लावून जे खिडकीपाशी बसायचे ते संध्याकाळपर्यंत. चहा ओतताना तो कपाबाहेर सांडायचा, तर म्हणायचे, कप चुकीच्या जागी ठेवलाय. कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, एक बाई पांढरी काठी घेऊन आली. कशी धरायची, जमिनीवरून कशी फिरवायची, हे तिनं अर्धा तास शिकवलं. यांनी सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि ती गेल्यावर काठी जिन्याखालच्या कपाटात टाकली.

"मी आंधळा नाही," मला म्हणाले. "मला कडेचं दिसतं."

आमची मुलगी लंडनच्या कडेला, पिनरला राहते. सॉलिसिटर आहे. दर दुसऱ्या रविवारी यायची आणि किचनमध्ये मला म्हणायची, "आई, बाबांची प्रॉब्लेम डोळे नाही. बाबांची प्रॉब्लेम ईगो आहे." तिच्या मराठीत सगळ्याच गोष्टी कधी बाई तर कधी पुरुष होतात, आम्ही आता दुरुस्त करत नाही. पण माझ्या मते तिचं निदानही चुकलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर बघून सांगितलं, त्याला दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकायची लाज वाटत होती.

तर अशा घरातून मी मंगळवारी बाहेर पडायची.

दुसऱ्या वर्षी म्युझियमनं ठरवलं की दृष्टी कमी असलेल्या लोकांसाठी टच टूर सुरू करायची. ठरावीक दहा-बारा मूर्तींना लोकांनी हात लावायचा, आणि सोबत असलेल्यानं मूर्तीबद्दल सांगायचं. अंगठ्या, घड्याळं काढायची, हात धुवायचे, एवढाच नियम. मी नाव दिलं. घरी येऊन यांना सांगितलं. यांचे कान रेडिओकडेच होते.

"तुम्ही याल का?" मी विचारलं.

"पुतळे चाचपायला? अजून ते दिवस आलेले नाहीत."

मी तो विषय सोडला. मग ट्रेनिंग झालं, आणि क्युरेटरनं सांगितलं की खरी टूर करायच्या आधी प्रत्येकानं कुणावर तरी सराव करावा. मी एक-दोन मैत्रिणींवर केला, डोळे मिटून. त्या हसायच्याच जास्त. शेवटी एका सकाळी मी यांच्यासमोर जाऊन खरं ते सांगितलं.

"मला सराव हवाय. डोळे मिटलेल्या बाईवर तो होत नाही. तुमच्याकडे इतके शिकाऊ डॉक्टर यायचे. त्यांना पेशंटच मिळाला नसता तर?"

यांनी रेडिओ बंद केला. म्हणाले, "किती वेळ लागेल?"

"एक तास."

"सोमवारी म्युझियम बंद असतं ना? मग सोमवारी."

लोकांनी बघायला नको, हा त्यातला अर्थ मला कळला. क्युरेटरला विचारलं, तिनं हो म्हटलं.

आम्ही बसनं गेलो. यांनी माझा दंड धरला होता, पण असा की पाहणाऱ्याला वाटावं, मीच यांचा आधार घेतलाय. आत गेल्यावर हात धुवायला बेसिनपाशी नेलं. मी बाहेर उभी. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. हे बाहेर आले ते दोन्ही हात कोपरात वाकवून वर धरलेले, बोटं छताकडे, पाणी कोपरावरून निथळतंय. ऑपरेशनच्या आधी धुवायचे तसेच हे कोपरापर्यंत धुऊन आले होते. नळ कोपरानं बंद करता येईना म्हणून तसाच वाहता ठेवलेला. मी नळ बंद केला आणि टॉवेल दिला.

पहिली मूर्ती सगळ्यात जुन्या ग्रीक तरुणाची. सरळ ताठ उभा, हात दोन्ही बाजूंना, डावा पाय जरासा पुढे. मी पाठ केलेलं म्हणायला लागले. ही मूर्ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची, ग्रीकांनी असं उभं राहणं इजिप्तच्या मूर्तींकडून उचललं, चेहऱ्यावर एक ठरावीक स्मित असतं, वगैरे. हे ऐकत नव्हते. दोन्ही हात खाली नेले आणि थेट गुडघ्यावर ठेवले. वाटीभोवती अंगठा फिरवला. मांडीचा स्नायू गुडघ्याला जिथे येऊन मिळतो तिथे बोटं दाबली.

"हा गुडघा बघून केलेला नाही," म्हणाले. "ऐकून केलेला आहे."

"म्हणजे?"

"गुडघ्यात काय काय असतं ते याला कुणीतरी सांगितलंय. वाटी असते, वर दोन फुगवटे असतात. यानं ते सगळं घातलंय, नक्षीसारखं. पण ते काय काम करतं ते याला माहीत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं असाच काढायची." मग थांबून, "किती वर्षांचं म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं. यांनी मान हलवली. मग आपणहून म्हणाले, "पुढचा."

पुढचा तरुण साधारण शंभर वर्षांनंतरचा. मी या वेळी पाठांतर बाजूला ठेवलं. यांचे हात धरले आणि मूर्तीच्या कमरेवर, दोन्ही बाजूंच्या हाडांवर ठेवले. एवढंच मला क्युरेटरनं सांगितलं होतं की या मूर्तीची मजा कमरेत आहे.

हे एकदम स्तब्ध झाले. एक हात दुसऱ्यापेक्षा वर होता. मग उजवा हात मांडीवरून गुडघ्यावर, पोटरीवर, घोट्यावर गेला. परत वर. डावा हात दुसऱ्या पायावरून.

"अगं, याचं वजन उजव्या पायावर आहे!"

मी मागे वळून बघितलं. आवाज सबंध हॉलमध्ये घुमला होता, आणि लांब टेबलापाशी काम करणारी क्युरेटर मान वर करून बघत होती.

"डावा गुडघा सैल सोडलाय, म्हणून कंबर इकडे उचललीय, आणि ती उचलली म्हणून..." हात पाठीवर गेले, कण्यावरून हळूहळू वर चढले, खांद्यांवर थांबले. "म्हणून हा खांदा खाली आलाय. हे बघून केलंय. हा माणूस कुणालातरी समोर उभा करून तासन्‌तास बघत बसला असणार." हसत होते. "शंभर वर्षांत हे लोक नीट उभं राहायला शिकले."

त्या दिवशी एक तासाचे तीन तास झाले. प्लास्टर म्हणजे यांच्या रोजच्या हातातली वस्तू. टिचकी मारून कुठे पोकळ आहे, कुठे भरीव, ते सांगत होते. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक रेघ मला पुसताना कधी दिसली नव्हती, ती यांच्या नखाला लागली. एका पहिलवानाच्या उजव्या हातापाशी मात्र हे अडले. दंडापासून मनगटापर्यंत चार-पाच वेळा हात फिरवला.

"हा हात याचा नाही."

"अहो, त्यालाच चिकटलाय."

"चिकटवलाय. कोपराखालचे स्नायू बघ, कसे आवळलेत. म्हणजे यानं काहीतरी घट्ट धरलंय, जोर लावून. आणि पुढे पंजा बघ. उघडा. तीर्थ घ्यायला पुढे केल्यासारखा. असं होत नाही. आणि जोड इथे आहे, मनगटाच्या चार बोटं वर."

मी क्युरेटरला बोलावलं. यांनी तिला सगळं इंग्रजीत समजावलं, ज्युनिअर डॉक्टरला समजावतात त्या आवाजात. तिनं शांतपणे ऐकलं, आत गेली, एक जुनी वही घेऊन आली आणि पान काढून वाचलं. मूळ मूर्ती सापडली तेव्हा तिला उजवा पंजा नव्हता. नंतरच्या काळातल्या एका शिल्पकारानं नवा पंजा करून बसवला, तो चुकीचा असल्याचं अभ्यासकांचं मत आहे.

"म्हणजे हे माहीत होतं," हे म्हणाले.

"बऱ्याच वर्षांपासून," ती म्हणाली. मग वही मिटून म्हणाली, "पण सगळ्यांनी ते फोटो शेजारी शेजारी ठेवून, दुसऱ्या मूर्तींशी ताडून शोधलं होतं. तुम्हाला वीस मिनिटं लागली."

यांचा चेहरा आधी पडला होता. तो पुन्हा वर आला. बसमध्ये मला म्हणाले, "वीस नव्हे, दहाच मिनिटं."

मला वाटलं, झालं, आता गाडी रुळावर आली. तसं लगेच झालं नाही. हे दर सोमवारी माझ्याबरोबर यायला लागले, सगळ्या मूर्तींचे सांधे तपासून झाले, आणि क्युरेटरनं यांना विचारलं की खऱ्या टूरमध्ये तुम्ही हिच्या जोडीनं बोलाल का. यांनी आनंदानं हो म्हटलं. दोन आठवडे घरात पूर्वतयारी चालली. मला समोर बसवून हे भाषण म्हणून दाखवायचे.

पहिल्या टूरला चार माणसं आली. त्यांत एक बाई होत्या, पन्नाशीच्या, जन्मापासून न दिसणाऱ्या. लंडनच्या पार पूर्वेकडच्या इल्फर्डहून एकट्या ट्रेननं आलेल्या, एका हातात काठी, पाठीवर बॅग. बाई दुसऱ्या तरुणाच्या मूर्तीपाशी आल्या आणि यांनी सुरुवात केली. कमरेचं हाड, वजन कुठे, कण्याचा बाक. बाईंनी हात ठेवला की हे सांगायचे, आता तुमच्या बोटाखाली अमुक आहे, आता थोडं डावीकडे घ्या. एकदा तर त्यांचं मनगट धरून हात नेला. मी खोकले. यांच्या लक्षात आलं नाही.

बाईंनी हात काढून घेतला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, अगदी गोड आवाजात, "लोक मला जन्मभर सांगत आलेत की माझ्यापुढे काय आहे. आज पहिल्यांदा मला स्वतःला बघायला मिळतंय. जरा गप्प राहाल का?"

बाकीचे तिघे चुळबुळले. हे "सॉरी" म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले. यांना असं कुणी बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. मी बाजूला जाऊन यांचा हात धरला.

बाई मूर्ती बघत राहिल्या. पायापासून नव्हे, चेहऱ्यापासून. दोन्ही हातांनी. कपाळ, भुवया, पापण्या, नाकाच्या बाजू, ओठांचे कोपरे. खूप वेळ. दुसरे लोक पुढच्या मूर्तीकडे गेले तरी त्या तिथेच. मी जवळ उभी होते म्हणून मला म्हणाल्या, "माझ्या मुलांचे चेहरे मी ती लहान असताना बघितले. मग ती मोठी झाली, आणि मोठ्या माणसाच्या चेहऱ्याला इतका वेळ हात लावता येत नाही. कुणी स्वस्थ उभं राहत नाही. हा राहिला."

हे दोन पावलांवर होते. यांनी ऐकलं.

परतीच्या बसमध्ये आम्ही नेहमीच्या सीटवर बसलो. यांनी खिडकीकडे तोंड केलं होतं. दोन स्टॉप गेल्यावर मराठीत म्हणाले, "तुला एक सांगू? मला तुझा चेहरा दिसत नाही. तीन वर्षं होत आली."

"मला ठाऊक आहे."

"कसं?"

"तुम्ही बोलताना माझ्या कानाकडे बघता."

"कानाकडे बघितलं की जरा कडेनं दिसतो," हे म्हणाले. "पण नीट नाही. मध्येच पुसल्यासारखा."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? सांगून दिसणार होता का?"

मला रडू येत होतं, पण पुढच्या सीटवर आमच्या ओळखीची फार्मसिस्ट बसली होती, म्हणून मी रडले नाही. यांचा हात घेतला आणि माझ्या गालावर ठेवला. बसमध्ये, दिवसाढवळ्या. यांनी आधी हात मागे ओढला. आमच्या पिढीत असलं काही चारचौघांत करत नाहीत. मग पुन्हा ठेवला. अंगठ्यानं गालाचं हाड चाचपलं, हनुवटीपर्यंत आले.

"वजन कमी झालंय तुझं," म्हणाले.

"तुमच्यामुळेच."

फार्मसिस्टनं वळून बघितलं आणि पुन्हा पुढे बघायला लागली.

घरी आल्यावर चहा झाला आणि यांनी जिन्याखालचं कपाट उघडलं. काठी व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे अडकली होती, ती काढायला मला बोलावलं. मी कशाला हवी, असं विचारलं नाही. यांनीच सांगितलं, "त्या बाई इल्फर्डहून ट्रेन बदलून एकट्या येतात. आणि मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तू लागतेस." दुसऱ्या दिवशी कौन्सिलच्या बाईला फोन केला. ती पुन्हा आली. या वेळी यांनी प्रश्न विचारले. पहिल्या दिवशी काठी घेऊन एकटे निघाले तेव्हा मी वरच्या खिडकीतून बघत होते. रस्त्यातल्या कचऱ्याच्या डब्याला काठी लागली, हे थांबले, वळसा घातला, पुढे गेले. ब्रेड घेऊन आले. चुकीचा, पण ब्रेडच.

टूर आता महिन्यातून दोनदा असते. हे आधी विचारतात, "मी सांगू, की तुम्ही बघता?" बहुतेक लोक म्हणतात, आधी बघतो, मग सांगा. तेवढा वेळ हे हात मागे बांधून उभे राहतात. हे यांना किती जड जातं ते मलाच माहीत. इल्फर्डच्या बाई पुष्कळदा येतात. त्यांना शरीरातलं फार काही नको असतं, पण हत्यारांमध्ये रस आहे. छिन्नी कशी धरत असतील, संगमरवर इतका गुळगुळीत कशानं घासत असतील, असले प्रश्न त्या क्युरेटरला विचारतात, आणि हे बाजूला उभे राहून ऐकतात.

मागच्या वसंतात त्या बाईंनीच आग्रह केला की एकदा खरा दगड बघायला या. लंडनच्या मोठ्या म्युझियममध्ये इजिप्तच्या काही मूर्तींना आधी कळवून हात लावता येतो. मुलगी पिनरहून आली, बाई इल्फर्डहून, आम्ही दोघं केंब्रिजहून. मुलीनं बाबांना काठी घेऊन प्लॅटफॉर्मवरून येताना पहिल्यांदाच बघितलं. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि चष्मा पुसत राहिली.

तिथे ग्रॅनाइटच्या एका राजाची मूर्ती होती, बसलेली. तीन हजार वर्षांपूर्वीची. आम्हाला तिच्या पायांपर्यंत आणि मांडीवर ठेवलेल्या हातांपर्यंत पोचता येत होतं. यांनी हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"गार आहे!"

"दगड आहे, बाबा," मुलगी म्हणाली.

"प्लास्टर कधी गार लागत नाही. ते हाताइतकं ऊबदार होतं." पुन्हा हात ठेवला. नडगीवरून खाली घेतला, पाऊल, बोटं, नखं. मग दोन्ही तळवे मांडीवर सपाट फिरवले. या दगडावर तांब्याची छिन्नी चालत नाही आणि त्या काळी त्यांच्याकडे लोखंड जवळजवळ नव्हतंच, असं तिथली गाइड सांगत होती. कठीण दगडाचे गोळे घेऊन ठोकत ठोकत आकार द्यायचा आणि मग वाळूनं घासायचं. एका मूर्तीला पुष्कळ माणसं, पुष्कळ महिने.

मला वाटलं, आता हे गुडघ्याबद्दल बोलतील. बोलले नाहीत. खूप वेळानं गाइडला विचारलं, "वाळूनं घासणाऱ्यांची नावं माहीत आहेत का?"

"नाही," ती म्हणाली. "राजाचंच नाव आहे, पाठीवर कोरलेलं."

"हं," हे म्हणाले. "आमच्या ऑपरेशन थिएटरमध्येही असंच असायचं. बोर्डावर सर्जनचं नाव."

बाई पलीकडच्या बाजूनं राजाचा अंगठा चाचपत होत्या. त्या म्हणाल्या, "इथे एक जागा जरा खरखरीत राहिलीय डॉक्टर, बोटांच्या बेचक्यात. या. कुणीतरी दमलेलं दिसतंय."

हे काठीनं अंदाज घेत मूर्तीला वळसा घालून तिकडे गेले. मुलगी मला म्हणाली, "आई, भूक लागला." मी म्हटलं, थांब, त्यांचं होऊ दे. पाठीवरच्या बॅगेत मेथीचे पराठे होते, पण त्या हॉलमध्ये खायला मनाई होती. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. पाऊण तास झाला तरी त्या दोघांचं बघून झालं नव्हतं.